ओल्या मक्याचे अर्थशास्त्र

(हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका निवृत्त प्राध्यापकाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आपण मला ‘शेतमालाचे भाव’ या विषयावर बोलायला सांगितले होते. तो विषय मी छत्तीस वर्षे वर्गात शिकवला, आणि निवृत्त होऊन गावी शेती करू लागल्यावर पहिल्याच हंगामात माझ्या ध्यानात आले की त्यातला निम्मा भाग मला ठाऊकच नव्हता. म्हणून आज मी भावाकडे जरा आडवाटेने जाणार आहे. मक्याचे कणीस शेतात पिकते तेथपासून ते मोंढ्यात हर्राशीला लागते तोपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत काय घडते, एवढेच मी सांगणार आहे. भाव ठरतो मोंढ्यात, ही आपली समजूत. माझ्या मते तो बऱ्याच अंशी खळ्यावरच ठरून गेलेला असतो.

आपला जिल्हा काही मक्याचा जिल्हा नव्हे. मक्याचा मुख्य पट्टा नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर, जालना असा आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा या बाजूला खरिपात सोयाबीन आणि तूर, वसमतकडे कालव्याच्या पाण्यावर हळद आणि ऊस, असा आपला साधारण हिशेब. मका इथे बांधाबांधाने शिरला. सोयाबीनच्या भावाने एक-दोन वर्षे दगा दिला की दोन एकरांवर मका घेऊन पाहावा, कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला मागणी आहे, शिवाय जनावरांना चारा होतो, असा विचार करणारे शेतकरी आपल्यातही आहेत. मी त्यांच्यापैकीच एक. तेव्हा मी बोलतो आहे तो छोट्या शेतकऱ्याच्या मक्याबद्दल, ज्याच्यापाशी दोन-चार एकर जमीन आहे, पक्के खळे नाही, गोदाम नाही, आणि ज्याला दिवाळीच्या आत पैसे हवे असतात.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०१९ साली मी दोन एकर मका केला होता. त्या वर्षीचा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. परतीचा पाऊस परतायलाच तयार नव्हता, आणि राज्यभर काढणीला आलेली पिके भिजत उभी होती. मध्ये चार दिवस ऊन पडले. कणसांची साले पिवळी पडून सुकली होती, दाणा नखाने दबत नव्हता. मजूर मिळत होते तोवर उरकून घ्यावे म्हणून मी कणसे मोडून घेतली, दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र आणले आणि सुमारे तीस क्विंटल दाणे पोत्यांत भरून घरात थप्पी लावली. वर पुन्हा पाऊस येईल म्हणून ताडपत्री टाकली. आठवड्याने हात घातला तर थप्पीच्या पोटातली पोती गरम लागली. उघडली तेव्हा आंबूस वास आला, दाण्यांच्या टोकांवर हिरवट-काळी बुरशी धरली होती. अर्थशास्त्राचा प्राध्यापक असल्यामुळे मला ‘साठवणूक खर्च’ नावाची संज्ञा तोंडपाठ होती. दाणा श्वास घेतो, ओला दाणा अधिक जोराने घेतो, आणि त्या श्वासाच्या उष्णतेने तो स्वतःलाच शिजवतो, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. गावात ते कोणाही म्हातारीने सांगितले असते, मी विचारले नाही.

आता मूळ गोष्ट नीट समजून घेऊ. मक्याच्या दाण्याचे टोक, म्हणजे जिथे तो बुरकुंडाला चिकटलेला असतो ते, खरवडून पाहिले आणि तिथे काळा थर दिसला, तर दाणा पक्व झाला असे समजावे. त्यानंतर त्यात अन्न भरले जात नाही. परंतु पक्व झाला म्हणजे वाळला असे नव्हे. काळा थर धरतो त्या वेळी दाण्यात शेकडा तीस किंवा त्याहूनही अधिक पाणी असू शकते. काढणी साधारणपणे वीस ते पंचवीस टक्क्यांवर करतात. मळणीला दाणा त्याहून कोरडा हवा, नाही तर तो फुटतो, आणि फुटलेल्या दाण्यात कीड आणि बुरशी दोन्ही आधी शिरतात. साठवायचा असेल तर बारा टक्क्यांच्या आसपास आणला पाहिजे. सरकार आधारभूत किंमत जाहीर करते ती चौदा टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाची. म्हणजे पंचवीसवरून चौदावर आणि चौदावरून बारावर, हा सारा प्रवास उन्हाने करायचा असतो. तोही ऑक्टोबरात, जेव्हा ऊन शेतकऱ्याच्या मालकीचे नसते.

यात एक साधे गणित आहे, ते प्रत्येकाने पाठ करावे असे मला वाटते. पंचवीस टक्के ओलावा असलेल्या शंभर किलो मक्यात कोरडा ऐवज असतो पंचाहत्तर किलो. तो मका चौदा टक्क्यांवर आणला तर तोच पंचाहत्तर किलो ऐवज नव्या वजनाच्या शेकडा शहाऐंशी भाग होतो. पंचाहत्तरला शहाऐंशीने भागा आणि शंभराने गुणा, उत्तर येते ८७.२ किलो. म्हणजे वाजवी घट झाली १२.८ किलोची. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये होती. या हिशेबाने पंचवीस टक्के ओल्या मक्याला २,०९३ रुपये मिळाले, तर व्यापाऱ्याने शेतकऱ्याला एक पैशानेही फसवले नाही असे म्हणता येईल. वाळवणीची मजुरी वेगळी धरा, हवी तर.

प्रत्यक्षात काय होते? व्यापारी पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली फोडतो आणि सांगतो, “माल ओला हाय, कडता लागंल.” कडता किती, हे त्याच्या दाताला ठाऊक. समजा त्याने टक्क्यामागे दीड किलो धरले. चौदाच्या वरच्या अकरा टक्क्यांना साडेसोळा किलो झाले. वाजवी घटीपेक्षा क्विंटलमागे ३.७ किलो जास्त. तीस क्विंटलवर एकशे अकरा किलो. एक पोते आणि वर थोडा मका नुसता दाताच्या अंदाजात गेला. आणि हे झाले ओलावा खरोखरच पंचवीस असेल तर. तो वीस असेल आणि पंचवीस सांगितला गेला, तर तुमच्यापाशी ते खोडून काढायला काय साधन आहे? मापात मारणाऱ्याला पकडण्यासाठी आपण वजनकाटे प्रमाणित केले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आपल्या हैदराबाद संस्थानात १९३० सालीच बाजाराचा कायदा झाला, १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. वजनाच्या लबाडीवर एवढा विचार झाला. पाण्याच्या मापाची लबाडी मात्र राहूनच गेली. काट्यावर शिक्का असतो, व्यापाऱ्याच्या दातावर शिक्का नसतो.

यावर कोणी म्हणेल की हा अज्ञानाचा प्रश्न आहे, शेतकऱ्याने माल वाळवून आणावा. सल्ला उत्तम आहे. परंतु वाळवायचा कुठे? तीस क्विंटल दाणे बोटाच्या एका पेराइतक्या जाडीचे पसरायचे तर मोठे अंगण लागते. जुन्या वाड्यांना माळवदे होती, गावाला खळवाडी होती. माळवदे पडून पत्रे आले. खळवाडीच्या जागा कुठे घरांखाली गेल्या, कुठे कोणाच्या ताब्यात गेल्या ते विचारायची सोय नाही. म्हणून आज मका, सोयाबीन, सारे काही डांबरी रस्त्यावर पसरलेले दिसते. मोटारी त्यावरून जातात, रात्री मोटारसायकली घसरतात आणि आपण शेतकऱ्यालाच बेशिस्त म्हणतो. रस्ता हेच या जिल्ह्यातले सर्वांत मोठे सार्वजनिक खळे झाले आहे, आणि ते तसे व्हावे असे कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही.

हे पूर्वीही एकदा घडून गेले आहे. मी जन्मलो त्या काळात आपल्या भागातली खरिपाची ज्वारी लांब मुदतीची असे. पाऊस उघडून, थंडी पडल्यावर ती पक्व होई. कोरड्या हवेत काढणी, कोरड्या हवेत मळणी. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. तिने उत्पादन वाढवले यात शंका नाही, आणि त्या काळात देशाला धान्य हवे होते हेही खरे. पण ती शंभर-एकशेदहा दिवसांत येणारी. म्हणजे सप्टेंबरात, ऐन पावसात कणसे भरून उभी. पाऊस लागला की दाणा काळा पडे. ‘काळी ज्वारी’ हा शब्द मराठवाड्याच्या अर्थकारणात तेव्हा शिरला. काळी ज्वारी सरकारने खरेदी करावी म्हणून मोर्चे निघाले, ती शिधापत्रिकेवर दिली म्हणूनही मोर्चे निघाले. शास्त्रज्ञांनी बियाणे दिले, पण त्या बियाण्याबरोबर वाळवणीची सोय दिली नाही. पुढे तिची जागा बव्हंशी सोयाबीनने घेतली. मक्याच्या संकरित वाणांच्या बाबतीत आपण तीच चूक पुन्हा करीत आहोत, फरक इतकाच की या वेळी खरेदीला सरकारच्या ऐवजी कोंबडीखाद्याचे कारखाने आहेत.

जुन्या साठवणुकीबद्दल थोडे बोलतो, कारण त्यात माझा जीव अडकला आहे. आमच्या घरी पेव होते. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. लोक रस्त्यांच्या कामांवर खडी फोडत होते, सुकडी वाटली जात होती, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आम्ही नाके मुरडत खात होतो. त्या वर्षी वडिलांनी पेव उघडले. पेव म्हणजे गावठाणाच्या पांढरीत, पाणी लागणार नाही अशा उंच जागी खणलेला सुरईच्या आकाराचा खड्डा. तळाला आणि कडेला कडबा, भुसा यांचा थर, आत वाळलेली ज्वारी, तोंडावर पुन्हा कडबा आणि वर मातीचा लिंपा. आमचे पेव चार वर्षे मिटलेले होते. तोंड उघडल्यावर वडिलांनी कोणालाही आत उतरू दिले नाही. अर्धा दिवस ते तसेच ठेवले, मग दोरीने कंदील सोडला. कंदील विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तो तेवत राहिला, तेव्हा गडी उतरला. पेवात घाईने उतरून माणसे मेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. त्यांचे कारण भूत नव्हे. धान्य आणि त्यातली कीड श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवतात. किडे मरतात, धान्य टिकते, आणि माणूस उतरला तर तोही मरतो. आज बाजारात हवाबंद प्लॅस्टिकच्या थैल्या मिळतात, त्या नेमक्या याच तत्त्वावर चालतात. पेवच ते, जमिनीवर आणलेले.

परंतु यावरून पेवाच्या आरत्या ओवाळण्याचे कारण नाही. पेव कोणाचे होते, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्यापाशी चार वर्षे न खाता ठेवण्याइतके धान्य होते त्याचे. आमच्या शेतावर राबणाऱ्या सालगड्याच्या घरी उतरंड होती, फार तर शेणामातीने लिंपलेली एखादी कणगी. तिचा तळ संक्रांतीनंतर दिसू लागे, आणि मग तो आमच्याच पेवातली ज्वारी सवाईने नेत असे. एक पायली नेली की सुगीला सव्वा पायली परत. साठवणूक हे बचतीचे साधन होते, तसेच सावकारीचेही होते. माझे वडील वाईट मनुष्य नव्हते. सवाई घेणे ही त्या काळी सभ्यता समजली जाई, दीडी घेणारा तेवढा वाईट. ते धान्य आज आपण गोदामात ठेवतो, पण प्रश्न बदललेला नाही. धान्य थांबवून ठेवण्याची ताकद कोणापाशी आहे?

मका तर पेवात टाकायचीही सोय नाही, तो इतका कोरडा झाल्याशिवाय. ओला मका हवाबंद केला तर आंबतो. वाळवून साध्या पोत्यात ठेवला तर पावसाळ्याआधीच सोंडे लागतात. दाण्यावरचा पतंग तर शेतातूनच बरोबर येतो. कणसे सालासकट टांगून ठेवण्याची जुनी रीत बियाण्यापुरती चांगली, कारण घट्ट साल ही मक्याची स्वतःची कोठी आहे. तीस क्विंटल कणसे टांगणार कुठे? १९६५ च्या सुमारास केंद्र सरकारने धान्य बचाव मोहीम काढली, पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार केला. ती चांगली गोष्ट होती आणि अनेक घरांत त्या कोठ्या आजही उभ्या आहेत. त्यांच्याबरोबर धुरीच्या गोळ्याही आल्या, त्यांच्याविषयी एक वाक्य सांगून पुढे जातो: जिथे माणसे निजतात त्या खोलीत ती गोळी कधीही वापरू नका. दाण्यातील ओलाव्याने तिचा विषारी वायू सुटतो आणि त्याला भिंत अडवत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे येतो. माझा तो बिघडलेला मका मी पुन्हा उन्हात पसरला. चांगला, मध्यम आणि काळा, असा तीन भागांत निवडायला चार बाया लावल्या. चांगला मोंढ्यात गेला, मध्यम अर्ध्या भावाने एकाने कोंबड्यांसाठी नेला. काळा दीड-दोन क्विंटल उरला, तो मी उकिरड्यात टाकायला सांगितला. त्या बायांपैकी एक म्हणाली, “टाकूनच द्यायचा तर मला द्या, सर. धुऊन वाळवीन. कोंबड्या हायेत घरी.” मी दिला. देताना मनात थोडे पुण्यही वाटले, ते लपवत नाही. महिनाभराने सहज विचारले तेव्हा ती म्हणाली की कोंबड्यांना घातला आणि थोडा ज्वारीत घालून दळलाही. भाकर जरा कडवट लागली म्हणाली, पण चालून गेली.

मित्रहो, मी त्या रात्री झोपलो नाही, कारण मला १९७४ साल आठवले. त्या वर्षी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत आदिवासी गावांमधून काविळीची साथ आली. पोटात पाणी होई, माणसे मरत. त्याच घरांतील कुत्रीही तशाच लक्षणांनी मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले होते. कारण निघाले मका. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस पडला, कणसे भिजली, नीट न वाळवता ती साठवली गेली आणि त्यांवर बुरशी वाढली. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, यकृत जाळते. ते धुतल्याने जात नाही, भाजल्याने फारसे जात नाही. कणीस खराब आहे हे त्या लोकांना दिसत नव्हते असे नाही. त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.

माझ्या गावात कोणी आजारी पडल्याचे मला कळले नाही. पण हे विष थोडे थोडे पोटात गेले तर वर्षानुवर्षांनी यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, तेव्हा ‘कळले नाही’ याला काय अर्थ आहे? कारखानदार मका घेताना तपासतो, कारण त्याच्या कोंबड्या मरतील. त्याने नाकारलेला मका स्वस्त होतो. स्वस्त झालेला मका ज्याला स्वस्तच परवडते त्याच्या घरी जातो. बाजाराची यंत्रणा किती कार्यक्षम आहे, हे मी विद्यार्थ्यांना आलेख काढून दाखवीत असे. विष सर्वांत गरीब ताटापर्यंत पोहोचवण्यातही ती तेवढीच कार्यक्षम आहे, हे मला त्या बाईच्या भाकरीने शिकवले. आणि त्या साखळीतला एक दुवा मी स्वतः होतो.

भावाविषयी बोलायचे राहिले. मका थांबवला तर भाव मिळतोच, असे मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत मक्याचा भाव पावसापेक्षा दिल्लीच्या निर्णयांनी अधिक हलला. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि मक्याच्या इथेनॉलला जादा दर मिळाला. मका वधारला, इतका की पूर्वी मका निर्यात करणाऱ्या या देशाने २०२४ साली तो बाहेरून आणला. शेतकऱ्यांनी मका वाढवला. मग २०२५ च्या जानेवारीत सरकारी गोदामांतील तांदूळ क्विंटलला २,२५० रुपयांनी इथेनॉलच्या कारखान्यांना देण्याचे ठरले. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो सांगायला नको, तुमच्यापैकी अनेकांच्या जमिनी खरवडून गेल्या. जे वाचले ते ओले निघाले, आणि मोंढ्यात आधारभूत किमतीच्या किती तरी खाली विकले गेले. नोव्हेंबरात कर्नाटकातले मका उत्पादक याच कारणाने रस्त्यावर उतरले होते. तेव्हा साठवणूक म्हणजे सोन्याची कोंबडी नव्हे. ती फक्त एवढे करते की विकण्याचा दिवस शेतकऱ्याला निवडता येतो. ऑक्टोबरात तो दिवस त्याच्यासाठी दुसरेच निवडतात: खताचा दुकानदार, मळणीयंत्रवाला, हरभऱ्याचे बियाणे, दिवाळी.

या एका दिवसाची किंमत काढून पाहा. वीस क्विंटल मका, भाव समजा १,६०० रुपये, एकूण ३२,००० रुपयांचा माल. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी कर्ज घ्या. पंचाहत्तर टक्के उचल मिळाली तर २४,००० रुपये हाती येतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते ७२० रुपये. म्हणजे क्विंटलला छत्तीस रुपये. तेवढीच रक्कम सावकाराकडून शेकडा तीनने काढली तर सहा महिन्यांत ४,३२० रुपये. योजना उत्तम आहे, मी तिची निंदा करणार नाही. पण तिच्या तक्त्यात बराच काळ सोयाबीन, तूर, हळद यांना पंचाहत्तर टक्के आणि ज्वारी, बाजरी, मका यांना निम्मेच, असा भेद होता. भरड धान्य पिकवणारा भरड माणूस, त्याला निम्म्यात भागवता येते, असा काही त्यामागे विचार असावा. आणि मुख्य म्हणजे गोदामात माल घेतात तो कोरडा. जो वाळवू शकतो त्यालाच कर्ज मिळते. म्हणजे आपण फिरून पुन्हा खळ्यावर येऊन पडलो.

हळदीकडे पाहा म्हणजे हे स्पष्ट होईल. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. हळद निघते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. शिजवली, वाळवली, घोटली की ती वर्ष-दोन वर्षे राहू शकते. तिचा मालक भावाकडे बघत बसू शकतो. हळदीची ही ताकद हळदीत नाही, ती उन्हाळ्याच्या उन्हात आहे, आणि तो उन्हाळा त्या शेतकऱ्याला मिळाला सिद्धेश्वर आणि येलदरीच्या पाण्यामुळे. मक्याचेही तसेच. ज्याच्यापाशी कालव्याचे पाणी आहे तो रब्बीत मका पेरतो, मार्चमध्ये काढतो, त्याचा मका खळ्यावर आपोआप वाळतो आणि त्याला कडता लागत नाही. कोरडवाहू शेतकरी पावसावर पिकवतो आणि पावसातच काढतो. सिंचनाने उत्पादन वाढते हे आपण नेहमी मोजतो. सिंचनाने ऊनही मिळते, हे कोणत्याही अहवालात मी मोजलेले पाहिले नाही.

मग मागायचे काय? १९५४ साली गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल दिला, त्यातून वखार महामंडळे निघाली. १९५७ साली केंद्राचे झाले, त्याच वर्षी आपल्या राज्याचे. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राने सहकारी संस्थांच्या पातळीवर जगातील सर्वांत मोठी धान्य साठवण योजना मंजूर केली. सत्तर वर्षे आपण छपरे बांधत आलो. मी म्हणतो, छपराच्या आधी फरशी बांधा. गावाच्या सार्वजनिक जागेवर, उताराची, पाणी निघून जाईल अशी पक्की फरशी, तिच्या कडेला भिंती नसलेला एक पत्र्याचा मांडव, आणि ग्रामपंचायतीत ओलावा मोजण्याचे एक यंत्र. रोजगार हमीची कल्पना याच राज्याने देशाला दिली. आपण त्या कामांतून रस्ते केले, बंधारे केले, खळे का करू नये? फरशीवर पाळी कोणाची, हे भांडण होईल, ते मला दिसते. पाटाच्या पाण्यावरही भांडणे होतात, म्हणून पाट कोणी बुजवले नाहीत. मात्र पहिली पाळी ज्याच्या घराला अंगण नाही त्याची, हा नियम आधीच लिहून ठेवा, नाही तर पाच वर्षांत तिथे सरपंचाची हळद वाळताना दिसेल.

मजुरीची गोष्ट मी मुद्दामच बाजूला ठेवली, तिला स्वतंत्र भाषण लागेल. कणसे सोलणे, वाळवणे, पाखडणे, निवडणे, हे सारे बायांचे काम आहे. हातात धरून फिरवायची छोटी सोलणी काही शे रुपयांत मिळते आणि बोटे वाचवते. मळणीयंत्रांनी माणसांचे हात तोडले म्हणून १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्याची माहिती तुमच्यापैकी किती जणांना आहे, हे मी विचारत नाही.

आपल्या निमंत्रणात मी एक विनंती छापायला सांगितली होती की येताना घरचा मूठ-दोन मुठी मका रुमालात बांधून आणावा. मागच्या टेबलावर ओलावा मोजण्याचे यंत्र ठेवले आहे. ते माझ्या निवृत्तीवेतनातून घेतले आहे, तेव्हा जपून हाताळावे. आपापला दाणा त्यात घाला, आकडा कागदावर लिहा, आणि शेजारी गेल्या वेळी व्यापाऱ्याने किती कडता धरला तेही लिहा. नाव लिहू नका, आपले नाही आणि त्याचेही नाही. जेवणाच्या सुट्टीत आपण ते आकडे एकत्र मांडून पाहू.